कुमुदआत्याची अक्ती

आत्या गेली त्या दिवशी मी जबलपूरच्या कमानिया गेटपाशी पत्रकं वाटत उभी होते. बाबांचा फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तो खेकसायलाच. "बाबा, काम सुरू आहे ना, नंतर करते!" पलीकडे कुणीतरी "अरे, पंखा बंद करो" म्हणत होतं. मग बाबा म्हणाले, "घमापुरला ये. कुमुद राहिली नाही." ... हातातला गठ्ठा मी समोरच्या बांगडीवाल्याच्या फळीवर ठेवला आणि ऑटोत बसले. ती पत्रकं मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीविरुद्ध होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आत्याबद्दल लिहायचं तर त्या पत्रकांबद्दल लिहावं लागेल, आणि मी त्यांतून जे करून बसले त्याबद्दलही. नुसतं गोड लिहायला मला येत नाही. तिलाही ते चाललं नसतं.

कुमुदआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या घरातले पुरुष एक तर फॅक्टरीत लागले नाहीतर रेल्वेत. आत्या एकटी ग्रामीण बँकेत लागली आणि सगळी नोकरी तिने मोपेडवरून सिहोरा-पाटणकडच्या गावांत कर्जाचे अर्ज तपासत काढली. लग्न केलं नाही. एका मामीने भर पंगतीत कारण विचारलं, तर म्हणाली, "स्थळ आलं होतं, त्या दिवशी मोपेड पंक्चर होती." निवृत्त झाल्यावर आई-बाबांनी तिला आमच्याकडे विजय नगरला बोलावलं. ती आली नाही. घमापुरात एका धान्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. खाली मिरचीची पोती उतरली की वरच्या मजल्यापर्यंत सगळे शिंकत. आई म्हणाली, "काहून राहता तिथं?" तर आत्याचं उत्तर तयार: "गावातून आलेल्या पोरांना विजय नगर सापडत नाही, वहिनी. सगळ्या इमारती सारख्या दिसतात. इथं मिरचीचा वास विचारत आले तरी पोचतात."

ही पोरं कोण, ते सांगते. बँकेच्या अर्जात एक रकाना असायचा, जमीन कोणाच्या नावावर. शेती करायची म्हणून अर्ज घेऊन येणारी मुलं-मुली विशी-बाविशीची. जमीन बापाच्या नावावर, नाहीतर मेलेल्या आजोबांच्या, नाहीतर कोणाच्याच नाही. आत्या गावात जायची, पोराशी बोलायची, पोरगं हुशार आहे, मेहनती आहे हे तिला कळायचं, आणि परत येऊन ती अर्जावर लिहायची, 'जमानत अपर्याप्त', म्हणजे तारण अपुरं. दोनच शब्द. ती म्हणायची, "हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले ना, की शेवटी शेवटी माझी सही त्यांच्यासारखी दिसायला लागली." निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्यातला एक भाग तिने बाजूला काढला आणि अशाच चार जणांना वाटून दिला. एकाने शेळ्या घेतल्या, एकाने भाजीची रोपं. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. अट मात्र होती, आणि ती आमच्या घरात कुणाला पटली नाही. पैसे आत्याला परत करायचे नाहीत. वर्ष झालं की अक्षय तृतीयेला, म्हणजे इकडच्या भाषेत अक्तीला, घमापुरच्या खोलीवर यायचं. तिथे पुढचा पाळीवाला बसलेला असेल. त्याच्या हातात आपल्या हाताने द्यायचे. आणि पुढच्या हंगामात एक अख्खा दिवस त्याच्या शेतात जाऊन राबायचं.

बाबा चिडले. "अगं, ही काय भिशी आहे का? लिहून तरी ठेव कोणाकडे काय आहे ते!" आत्या म्हणाली, "आयुष्यभर लिहिलंच ना, दादा." थोरली असून ती बाबांना दादा म्हणायची, आणि ते असे चिडले की जरा जास्तच म्हणायची.

मी तेव्हा विद्यापीठात होते आणि नुकतीच आमच्या संघटनेत गेले होते. संघटना म्हणजे आठ-दहा पोरं, एक लाऊडस्पीकर आणि छापखान्याची उधारी. मला आत्याचं हे सगळं फार किरकोळ वाटायचं. ती पेन्शनमधून भर घालायची, तसे चार जणांचे पाच झाले, पाचाचे सात. जिल्ह्यात गावं किती आणि तुझी पोरं किती, असं मी तिला तोंडावर विचारायचे. मी जिना चढताना दिसले की ती खालच्या शेठला ओरडून सांगायची, "चलो, लीडर आ गईं, चाय बोलो!" मग आम्ही भांडायचो. मी म्हणायचे, सरकारने करायचं काम तू करून राहिली, म्हणून सरकार सुटून राहिलं. ती भजी तळत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरोबर आहे तुझं. मीठ बघ जरा." ... हे असं गुळमुळीत बरोबर-आहे-तुझं मला अजिबात आवडायचं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा रागच यायचा. जे मी गावागावांत पाहत होते त्यावर या बाईचं रक्त तापत कसं नाही?

आणि पाहत होते ते भयंकर होतं. बायकांचे गट करायचे, एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा, न भरला तर वसुलीवाला दाराशी खुर्ची टाकून बसणार, स्वयंपाक करू देणार नाही, पोरांसमोर वाटेल ते बोलणार. शेजारणीला शेजारणीच्या अंगावर सोडायचं आणि त्याला 'सशक्तीकरण' म्हणायचं! एका गावात मी अशा माणसाला खुर्चीवरून उठवलं होतं, त्याने माझी गचांडी धरली होती. त्या संतापात मी पत्रक लिहिलं. हिंदीत, चार ओळींचं, खाली माझं नाव. वरची ओळ ठळक होती: 'किसी की भी किस्त नहीं भरेंगे।' कोणाचाच हप्ता भरणार नाही. सोबत्यांपैकी एकाने विचारलं होतं, कंपन्यांचं नाव टाकायचं का. मी म्हटलं, नको, ओळ लांब होते. ते पत्रक आम्ही सिहोऱ्यापासून पाटणपर्यंत वाटलं. लोकांनी मोबाइलवर फोटो काढून पुढे पाठवलं. मला फार बरं वाटलं.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. त्याच अक्तीला आत्याच्या खोलीवर रोशनी येऊन बसली होती. सिहोऱ्याकडची, बावीस वर्षांची. तिच्या घरात आजोबांपासून शिंगाडा लावतात, पण दुसऱ्याच्या तळ्यात, मजुरीवर. तळं पंचायतीचं, त्याचा ठेका वर्षाला बोलीने जातो, आणि बोली लावायला आधी रोख लागते. ती रोख ठेकेदाराकडे असते, म्हणून शिंगाडा ठेकेदाराचा. रोशनीला एकदा स्वतःच्या नावावर तळं घ्यायचं होतं. आत्या तिच्या गावी तीनदा जाऊन बसून आली होती. तिसऱ्यांदा म्हणाली, अक्तीला ये. तिला देणार होता दुर्गेश. पाटणकडचा मुलगा. आदल्या वर्षी त्याने त्या पैशांत मटारचं बियाणं घेतलं होतं आणि मटार चांगला झाला होता.

दुर्गेश आला नाही. बाकीच्यांचं देणंघेणं दुपारी आटोपलं, आत्याने सगळ्यांना चिंचवणी दिली, म्हणजे चिंच-गुळाचं पाणी, जे ती अक्तीला करायचीच. लोक बसला निघून गेले. रोशनी नवा सलवार-सूट घालून खिडकीजवळ बसून राहिली. दर वेळी जिन्यावर पाय वाजला की ती ओढणी नीट करायची. संध्याकाळची शेवटची बस असते. आत्याने तिच्या हातात घरचे पोहे बांधून दिले आणि म्हणाली, "देखते हैं, बेटा." जिन्यात रोशनीने चपला घातल्या आणि ओढणीला लावलेली पिन काढून पर्समध्ये ठेवली.

चार दिवसांनी आत्या मला घेऊन दुर्गेशच्या गावी गेली. मला वाटलं, पोरगं तोंड लपवेल. उलट तो हसत बाहेर आला, खाटा टाकल्या, पाणी दिलं. आत्याने विचारलं तेव्हा त्याने मोबाइलच्या कव्हरमधून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "दीदी, आप ही ने तो लिखा है. किसी की भी किस्त नहीं भरेंगे. नीचे आपका नाम है."

मी म्हटलं, "भैया, वो कंपनीवालों के लिए लिखा था!"

"कंपनी लिखा कहाँ है?"

कुठेच लिहिलं नव्हतं.

आत्या म्हणाली, "वो पैसा मेरा नहीं था, दुर्गेश. रोशनी का था."

"कौन रोशनी?" त्याने विचारलं. खरंच विचारलं, नाटक नव्हतं. मग तो आपणहून सांगून मोकळा झाला. पैसे मोटारसायकलच्या हप्त्यांत गेले होते. ते भरले नसते तर कंपनीवाले गाडी उचलून नेणार होते. आत्या काय उचलून नेणार होती? ... मी खाटेवर बसून ते ऐकत होते. मी ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांचा एक पैसाही बुडाला नव्हता. त्यांची भीती होती, म्हणून त्यांना मिळाले. माझं पत्रक वाचून या मुलाने नेमका तोच हप्ता थांबवला, जो मागायला कुणी खुर्ची टाकून बसणार नव्हतं.

परतीच्या बसमध्ये आत्या म्हणाली, "चूक माझीही आहे. त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. मी आधी भेटवायला पाहिजे होतं दोघांना." मी ते लगेच उचललं. मान डोलावून म्हटलं, "होय ना, ते राहिलंच." तिने अर्धी चूक आपल्याकडे घेतली आणि मी ती घेऊ दिली. आजही हे आठवलं की मला कुठे पाहावं कळत नाही. मग ती म्हणाली, "रोशनीला तू सांग. मी नाही."

मी सांगायला गेले. रोशनी तळ्याच्या काठावर मागच्या वर्षीच्या वेली निवडत होती. मी सगळं नीट मांडलं, व्यवस्था, कंपन्या, माझा हेतू. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मतलब तालाब गया न?" मी म्हटलं, आम्ही पंचायतीसमोर धरणं देऊ, बोली रद्द करायला लावू. ती म्हणाली, "धरना कब तक चलेगा? बेल पंद्रह दिन में लगानी है." मग मला चहा दिला. तो मी प्यायले.

पंधरा दिवसांत रोशनीच्या आईने गटाचं कर्ज काढलं. हो, त्याच कंपन्यांपैकी एकीचं. रोशनीला मिळालं नसतं, लग्न झालेलं नाही. आईच्या नावावर मिळालं, बाकीच्या बायकांच्या जामिनावर. तळं मिळालं. पण हप्ता दुसऱ्याच आठवड्यापासून सुरू झाला, आणि शिंगाडा पाण्याखाली चार-पाच महिने काहीच देत नाही! कोणत्या शहाण्याने हे आठवड्याचे हप्ते शोधून काढले असतील? ज्याने कधी काही पेरलं नाही त्याने. हप्त्यासाठी रोशनी जबलपुरात, विजय नगरच्या एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागली, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तळ्याकडे तिची आई एकटी बघायची. वेलींना कीड लागली ती वेळेवर कुणाला दिसली नाही. अर्धा माल हातात आला. मी त्या दुकानासमोरून जाणं सोडून दिलं, लांबून वळसा घालायचे.

आत्याने मला एका शब्दाने टोचलं नाही. माझ्याशी भांडणंही कमी केली, आणि ते टोचण्यापेक्षा वाईट होतं. शेवटची भेट फाल्गुनातली. मी नवं पत्रक घेऊन गेले होते, आता सगळं बरोबर करून, कंपन्यांचा उल्लेख करून. तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली, वाचलं. बँकेत अर्ज वाचायची तसंच वाचत असणार. मग 'ग्रामीण युवा' या शब्दांखाली रेघ मारून म्हणाली, "हे कोण?"

"कोण म्हणजे? सगळे. गावातली तरुण मुलं."

"अच्छा. यांच्यातल्या कितींकडे जेवलीस?"

मी चिडले. म्हटलं, आत्या, पत्रक काय जेवणावळीची यादी आहे? ती हसली, दम लागेपर्यंत हसली, आणि छातीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच बसली. मी विचारलं, बरं नाही का? "मिरची उतरली असेल खाली," ती म्हणाली. त्या दिवशी मिरची उतरली नव्हती. मला शिंक आली नव्हती ना... पण मी निघाले, सभा होती. तीन आठवड्यांनी सकाळी दूध घ्यायला ती खाली आली नाही म्हणून शेठ वर गेला.

तेराव्यानंतर बाबा म्हणाले, "आता बंद कर बाई हे. ज्याच्याकडे आहे त्याला राहू दे, कुमुदच्या नावाने माफ." खोल्या महिनाअखेरीस सोडायच्या ठरल्या. कोणाकडे काय आहे हे मलाही माहीत नव्हतं, कारण वही नव्हती. पण अक्तीला मी सकाळीच जाऊन खोली उघडली. चिंचवणी केली, ती इतकी आंबट झाली की मलाच ठसका लागला. कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. माणूस गेला, मागणारा गेला. दुर्गेशच्या गावी खाटेवर बसून मी हेच शिकले होते.

दुपारपर्यंत सहा जण आले. आत्याने ठरवून ठेवलं होतं तसं त्यांनी आपापसांत देणंघेणं केलं, कुणाच्या शेतात कोणी कधी यायचं ते ठरवलं, आत्याच्या खुर्चीला नमस्कार केला. चिंचवणी पिताना एकमेकांकडे पाहून तोंडं वाकडी केली, पण प्यायले. मग रोशनी आली. साध्या कपड्यांत. मी उठून उभी राहिले तर म्हणाली, "बैठो दीदी, मैं तो ऐसे ही आई हूँ." आणि तिच्या मागोमाग, पाचच मिनिटांनी, दुर्गेश.

त्याने तिला ओळखलं! मी बघतच राहिले. रोशनी माझ्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाली, "पूस में बड़ी दीदी मुझे इसके गाँव ले गई थीं. दिन भर मटर तुड़वाई मुझसे, इसी के खेत में! मैंने सोचा, पगला गई हैं. पैसा ये खाए और मजूरी मैं करूँ?"

"मैंने मना किया था," दुर्गेश म्हणाला. "बड़ी दीदी बोलीं, चुपचाप खाना खिलाओ इसको."

"नमक कम था," रोशनी म्हणाली.

म्हणजे पौषात, मी लाऊडस्पीकर घेऊन फिरत होते तेव्हा, ही बाई आपली राहिलेली गोष्ट दुरुस्त करत होती. मला एका शब्दाने सांगितलं नाही. का नाही सांगितलंस, आत्या? मी बिघडवलं असतं म्हणून? ... कदाचित बरोबर होतं तुझं.

दुर्गेशने खिशातून पाकीट काढून रोशनीसमोर धरलं. तिने उघडून पाहिलं. "आधा है."

"हाँ. गाड़ी की किस्त अभी बाकी है. बाकी मटर के बाद."

रोशनीने पाकीट ना घेतलं ना परत केलं. माझ्याकडे पाहून विचारलं, "बड़ी दीदी होतीं तो क्या बोलतीं?"

माझ्या तोंडात पुष्कळ वाक्यं आली. भाषण करायला मला कधीच वेळ लागत नाही. पण त्यातलं एकही आत्याचं नव्हतं. "पता नहीं," मी म्हटलं.

रोशनीने थोडा विचार केला. अर्ध्या पैशांत मोठं तळं मिळणार नाही, ते ठेकेदाराकडेच जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आईच्या कर्जाचे हप्ते अजून आहेत, दुकान सुटणार नाही. तिने पाकीट पर्समध्ये टाकलं. "शाळाच्या मागे छोटा तळा बोलीला आहे," ती मोडक्या मराठीत मला म्हणाली. दुकानात गिऱ्हाइकांकडून उचललेली मराठी. मग दुर्गेशकडे वळली. "आधा पैसा है तो दिन एक नहीं, चार लगेंगे. कमर तक पानी में खड़े होकर बेल को अँगूठे से कीचड़ में दबाना पड़ता है. पैर के अँगूठे से. आता है?"

"नहीं."

"सीख जाओगे. रो-रो के सीखोगे."

सगळे हसले, दुर्गेशही. मी हसले नाही. मला त्या उरलेल्या अर्ध्या पैशांचं आणि त्या मोठ्या तळ्याचं काही केल्या हसू येत नव्हतं, अजूनही येत नाही. झालेलं नुकसान झालंच. ते भरून आलं असं मी लिहिणार नाही.

जाताना रोशनी जिन्यात थांबली. "अगली अक्ती को मैं किसको दूँगी? नाम अभी बता दो. पहले से मिल लूँगी उससे."

आत्या असती तर तिच्याकडे नाव असतं. ती त्या घरी तीनदा जाऊन बसून आली असती. मी पाच वर्षं 'ग्रामीण युवा, ग्रामीण युवा' म्हणत फिरले आणि मला एक नाव सांगता येईना.

"माझ्याकडे नाही," मी म्हटलं.

"तो ढूँढो," रोशनी म्हणाली. "साल भर है."

सगळे गेल्यावर मी पेले धुतले. ठेवायला स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने बसच्या वेळा लिहिलेल्या. गावागावांच्या. काही खोडलेल्या, काही दोन-दोनदा बदललेल्या. सिहोऱ्याची पहिली बस सहा चाळीसला आहे. तिच्यापुढे आत्याने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: जाताना डावीकडे बसायचं, उजवीकडे ऊन येतं.